आधी धूर बघा, मग पाना उचला

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या पत्रिकेत बेण्यावर, खतांच्या मात्रांवर, ठिबकवर आणि पाचट न जाळण्यावर पुष्कळ लिहून येते, आणि ते यायलाच पाहिजे. पण तोडलेला ऊस रानातून काट्यावर ज्या गाडीने जातो, त्या गाडीबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गाडी हा ड्रायव्हरचा आणि मिस्त्रीचा विषय, आपला नव्हे, अशी आपली समजूत. ती समजूत मला किती महागात पडली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे नुसता उपदेश वाटणार नाही.

२०२२-२३ च्या हंगामातली गोष्ट. पौष महिना. वेरूळहून कसाबखेड्याकडे जाताना माझा फड आहे, तिथे तोड चालू होती. टोळी बीडकडची. गाडी माझी स्वतःची, जुनी टाटा, सहा सिलिंडरची. वय झालेले, पण पासिंग झालेली आणि हंगामभर राबणारी. बायामाणसांनी दिवसभर ऊस तोडला आणि रात्री नऊपर्यंत फळीवरून चढत, डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरली. अंदाजे बारा टन माल. ड्रायव्हर म्हणाला, "नाना, पहाटे चारला हलवू, म्हणजे गाडीतळावर नंबर लौकर लागंल." मी बरे म्हणालो.

पहाटे चारला त्याने सेल मारला. इंजिन फिरले, झक्क फिरले, पण पेटले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मग आपल्याकडे जे जे करतात ते सगळे आम्ही केले. बॅटरी बसेपर्यंत सेल मारला. ट्रॅक्टर आणून टोचन लावले आणि भरलेली गाडी रानातल्या वाटेने दीडशे फूट ओढली. कोणीतरी पेट्रोलचा बोळा आणला, तोही हवेच्या तोंडाशी धरून झाला. आठ वाजता मिस्त्री आला. एक मिनिट कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "पंप गेला."

त्या वेळी माझा ड्रायव्हर, पंचवीस वर्षांचा पोरगा, हळूच म्हणाला, "नाना, काल सांजच्याला चढाला गाडी जरा तुटत होती. मला वाटतं लायनीत कुठंतरी एअर घेतीय."

मी त्याला म्हणालो, "तू गप रे. मिस्त्री बोलतोय ना."

पंप उतरवला. जिल्ह्याच्या गावी नेला, उघडला, कॅलिब्रेशन केले, परत आणला. यात दोन दिवस गेले. टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेलेली, त्यामुळे बारा टन ऊस उतरवून दुसऱ्या गाडीत भरायला माणसे नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी पंप बसवून, हवा काढून गाडी चालू झाली. संध्याकाळी काट्यावर ऊस गेला तेव्हा वाढी वाळून त्यांचा सरमाडासारखा आवाज येत होता. आणि चौथ्या दिवशी पहाटे? गाडी पुन्हा चालू होईना! अगदी तोच प्रकार. त्या दिवशी पोराने कोणाला विचारले नाही. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि हाताच्या पंपाने डिझेल ओढले. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे चाललेले माझ्या डोळ्यांनी मी पाहिले. जुन्या रबरी नळीला क्लिपच्या खाली केसासारखी चीर होती. नळी दोनशे रुपयांच्या आतली. पंप, टोचन आणि जाणे-येणे मिळून माझे गेले होते चौदा हजारांच्या वर, आणि उसाचे वजन घटले ते निराळेच.

दोष मिस्त्रीला देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण ते खरे नव्हे. ज्याच्या हाताखाली गाडी रोज चालते त्याने खूण सांगितली होती, आणि मालक म्हणून मी त्याला गप्प केले. म्हणून हा लेख.

नुकसान एकट्याचे नसते

कोणी म्हणेल, तुमची गाडी, तुमचे नुकसान, आम्हाला काय त्याचे? बंधूंनो, तसे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत चरकात गेला पाहिजे, हे आपले शेतकी खाते दरसाल सांगते. तोडल्यापासून उसातले पाणी उडते म्हणून वजन घटते, आणि आतल्या साखरेचे विघटन होऊन साखरेचा अंश घटतो. वजनाचा तोटा एका सभासदाचा. पण शिळ्या उसाने जो उतारा घसरतो तो कारखान्याच्या सरासरीत जातो, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. उताऱ्याच्या एका दशांशाला केवढी किंमत आहे ते यावरून समजावे.

दुसरे असे की तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून वजा होतो. गाड्या उभ्या राहिल्या, खेपा कमी झाल्या, की वाहतूकदाराला परवडत नाही, तो दर वाढवून मागतो, आणि तो दर फिरून आपल्याच खिशावर बसतो. तिसरी गोष्ट टोळीची. कोयत्याला पैसे टनावर मिळतात. गाडी रानात उभी राहिली की दुसरी भरता येत नाही आणि बायामाणसे लेकरांसह कोपीपाशी बसून राहतात. त्या बसण्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. आणि चौथे, महाशिवरात्र हंगामातच येते. घृष्णेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत भरलेली गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडून पुन्हा लागली नाही, तर काय अवस्था होते हे वेरूळकरांना सांगायला नको.

किर्लोस्कर इंजिन आठवा

आता मुद्द्यावर येतो. डिझेलची गाडी ही काही जादू नव्हे. आपल्यापैकी वयस्क मंडळींनी विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन चालवले आहे. वीज आली नव्हती तेव्हा तेच आपले दैवत होते. ते आपण कसे लावत होतो? डिझेल आहे का बघायचे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढायची, बुडबुडे संपून अखंड धार आली की आवळायचा. मग हँडल मारताना कान द्यायचा. नोझल 'कर्र कर्र' बोलले, की आता इंजिन लागणार. नोझल बोलले नाही तर कितीही हँडल मारा, फक्त दंड भरून यायचे. हे ज्ञान घराघरात होते. विहिरीवर मोटारी आल्या आणि ते गेले. ट्रकचे इंजिन त्याच जातीचे, फक्त सिलिंडर जास्त आणि हँडलच्या जागी सेल्फ.

पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेलला लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे इंजिन चालवून दाखवले त्याचे मर्म एवढेच, की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडले की ते पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तोच हा प्रकार. ट्रकच्या इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या आसपास तापते.

म्हणजे गाडी लागायला तीनच गोष्टी पाहिजेत. एक, इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दोन, स्वच्छ डिझेल, हवेवाचून आणि पाण्यावाचून, नोझलपर्यंत पोचले पाहिजे. तीन, हवा आत येऊन ती नीट दाबली गेली पाहिजे. गाडी लागत नाही म्हणजे या तिन्हींपैकी काहीतरी कमी आहे. चौथे कारण नाही. जुन्या पंपाच्या गाडीला एकदा इंजिन लागल्यावर चालायला विजेचीही गरज बहुधा नसते. वीज लागते ती फिरवायला. (काही गाड्यांना डिझेल बंद-चालू करणारा विजेचा सोलेनॉइड असतो, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा.)

पहिले काम: ऐका

गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड. एवढे केल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. मग सेल मारून ऐका.

काहीच आवाज नाही किंवा नुसते 'कट्' होऊन गप्प, तर दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर आहे. पंपाचा आणि डिझेलचा इथे संबंधच नाही. हेडलाइट लावून सेल मारा. दिवे एकदम मेल्यासारखे झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच राहिले आणि 'कट्' आवाज आला, तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा सेल्फ स्वतः. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, आवळून मग बोला. आणि एक जागा सगळे विसरतात: इंजिन व चेसीला जोडणारी अर्थची जाड पट्टी. ती तुटली किंवा गंजली तर नवी बॅटरीसुद्धा मेलेली वाटते.

इंजिन फिरते पण रडत, ओढत फिरते, तर वेग कमी पडतो, हवा तापत नाही. पहाटेच्या गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातले ऑइल घट्ट होते, म्हणून जी गाडी दुपारी एका सेलला लागते ती पहाटे रडते. इथेही आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थ हेच पाहावे. आणि इंजिन फिरता फिरता एकदम अडकून थांबले, तर जबरदस्ती करू नये. हेडमधून पाणी सिलिंडरात उतरले असेल तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे मिस्त्री बोलवावाच.

दुसरे काम: धूर बघा

इंजिन जोमाने फिरते आहे पण पेटत नाही. माझ्या गाडीचे असेच होते. अशा वेळी एकाने सेल मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून धूर बघावा. ही एक गोष्ट त्या पहाटे आम्ही केली असती तर चौदा हजार वाचले असते.

धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरात पोचतच नाही.

पांढरा धूर निघतो आहे, म्हणजे डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. थंडी, कमी वेग, दाब कमी, टायमिंग सरकलेले किंवा पाणी.

काळा धूर आणि भडका न होता धडधड, म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी. हवेचा फिल्टर धुळीने गच्च झाला आहे का बघा. उसाच्या फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा एका हंगामात फिल्टरची माती करतो.

आमच्या गाडीला त्या पहाटे मुळीच धूर नव्हता. बारा माणसे भोवती उभी होती आणि मागे जाऊन कोणी पाहिले नाही.

तिसरे काम: टाकीपासून नोझलपर्यंत चालत जा

धूर नाही असे ठरले की डिझेलच्या वाटेने टाकीपासून निघावे, मधली पायरी सोडू नये. टाकीत डिझेल आहे का, काट्यावर विश्वास न ठेवता काठी घालून बघा. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजले आहे का बघा. बुजले तर टाकीतून डिझेल ओढले जात नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची तार ओढलेलीच राहिली आहे का, पंपावरचा लिव्हर मागे आला आहे का, हे बघा. हसू नका, तारेला गंज चढून लिव्हर अडकलेला मी दोनदा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा मंडळी पंप उतरवायच्या बेतात होती.

मग फीड पंपावरचा हाताचा प्रायमर मारा. हाताला जोर लागत नाही, पोकळ वाटतो, तर ओढणाऱ्या बाजूने हवा येते आहे. ओढताना जड जातो, तर टाकीतली जाळी किंवा नळी तुंबली आहे. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार लागली की आवळा. तसेच पंपावरच्या स्क्रूला करा. तरी लागली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून थोडे सैल करून सेल मारा, डिझेलचे थेंब उडू लागले की आवळा. मात्र उडणाऱ्या धारेपुढे हात किंवा तोंड नेऊ नका. नोझलचा फवारा दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने सुटतो, तो कातडीतून आत जातो आणि हात काढून टाकायची वेळ येते.

आता कळीची गोष्ट. हवा काढल्यावर गाडी लागली, दिवसभर चालली, रात्री उभी केली आणि पहाटे पुन्हा लागेना, तर ती हवा कुठून तरी रोज आत येते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ही ओढणारी बाजू. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते आणि मिस्त्रीही फसतो. रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधले डिझेल हळूहळू टाकीत उतरते आणि त्याची जागा हवा घेते. क्लिपा, रबरी नळी, तांब्याचे वायसर, फिल्टरच्या झाकणाचे रबर आणि फीड पंपातले व्हॉल्व्ह, या पाच जागा तपासा. पारदर्शक नळीचा हातभर तुकडा लावून बघणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरा उपाय. बुडबुडा खोटे बोलत नाही.

पाण्याचे म्हणाल तर अर्धी रिकामी टाकी रात्रभर गारठ्यात राहिली की आतल्या हवेतले दव भिंतीवर जमून डिझेलमध्ये उतरते. पाणी जड, ते तळाशी बसते आणि पहाटे पहिले तेच ओढले जाते. म्हणून टाकी संध्याकाळी भरावी, सकाळी नव्हे. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू आठवड्यातून एकदा सोडून पाणी काढावे. कॅनमधले डिझेल फडक्याने गाळून ओतावे.

इतके करून डिझेल नोझलपर्यंत पोचते, पांढरा धूर निघतो आणि तरी गाडी पेटत नाही, तर मग दाबाकडे वळावे. ऑइल भरायचे झाकण काढून सेल मारल्यावर तिथून धूर आणि वारा जोरात येत असेल तर रिंगा झिजल्या. टॅपेट फार घट्ट असले तर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत आणि दाब सुटतो. हे मिस्त्रीचे काम. पंपाचे टायमिंग आणि खुद्द पंप यांचा नंबर त्याच्याही नंतर.

पंपाला शेवटी का हात लावायचा? आपल्याकडे त्याला मायको पंप म्हणतात. बेंगळुरूची मायको कंपनी १९५१ साली निघाली, २००८ पासून तिचे नाव बॉश झाले, पण आपल्या तोंडी मायकोच राहिले. या पंपातले प्लंजर आणि बॅरल जोडीने घासून बसवलेले असतात, मधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. रानातल्या धुळीत तो उघडणे म्हणजे डोळ्याचे ऑपरेशन खळ्यात करणे होय. आपल्या गावात कैलास लेणे आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या अमदानीत कारागिरांनी अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. चुकून उडवलेला दगड परत चिकटवता येत नाही, हे त्यांना पहिल्या घावापासून माहीत होते. अशा गावच्या लोकांनी न बघता पाना चालवावा हे बरे नव्हे.

हे करू नका

पेट्रोलचा बोळा किंवा पेटता पोतेरा हवेच्या तोंडाशी धरू नका. स्फोट अवेळी होतो, पिस्टन आणि रिंगा फुटतात, कधी माणूस भाजतो. शिवाय दोष तसाच राहतो. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर आधी एक बिघाड होता तिथे दोन होतात. बॅटरीजवळ बिडी ओढू नका, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. भरलेली गाडी उतारावर सोडून धक्का-स्टार्ट करू नका. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा नसली तर ब्रेक लागत नाहीत. खुलताबादच्या घाटात हा प्रयोग केला तर गाडी लागण्याआधी दरी लागेल.

जुनी गाडी मोडीत काढा म्हणणाऱ्यांना

काही तरुण मंडळी म्हणतात, कशाला ही जुनी डबडी सांभाळायची, नवी घ्या. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसी धड नाही, जिचे पासिंग होत नाही, ती रस्त्यावर आणूच नये, तिथे माझी हरकत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांचा धूर कमी, हेही खरे. पण नव्या गाडीचा हप्ता बाराही महिने भरायचा आणि गाळप चार-पाच महिने, हे गणित लहान वाहतूकदाराला जमत नाही. आणि नव्या गाडीची गोम निराळी आहे. तिच्यात कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, दोष शोधायला स्कॅनर लागतो. तिच्या नोझलच्या नळ्यांत हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो. वर सांगितलेली नट सैल करायची रीत तिथे चुकूनही करू नये, जीव जाईल.

जुनी गाडी गरीब आहे, पण बोलते. तिचे दुखणे कानाने, डोळ्याने आणि हाताने कळते. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, तेव्हापासून रस्त्याकडेच्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या ही भाषा शिकल्या. ती भाषा अजून ज्यांना येते ते लोक म्हातारे होत चालले आहेत. ते आहेत तोवर आपल्या पोरांनी ती शिकून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

करावयाचे काय?

संचालक मंडळाला आणि सभासदांना माझ्या चार सूचना आहेत.

एक, बॉयलर पेटण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक गट ऑफिसात वाहतुकीच्या ड्रायव्हर-क्लीनरचा एक दिवसाचा मेळावा घ्यावा. कारखान्याच्या वर्कशॉपमधले जुने फिटर शिकवतील. भाषण नको, हार नको. एक गाडी मुद्दाम बंद पाडावी आणि पोरांना शोधू द्यावे.

दोन, प्रत्येक गाडीत एक पिशवी असावी: डिझेल फिल्टरचा जादा जोड, दोन मीटर पारदर्शक नळी, चार क्लिपा, मूठभर तांब्याचे वायसर, पान्यांचा संच आणि तपासायचा दिवा. एका टोचनच्या खर्चात सगळे येते.

तीन, गट ऑफिसात एक वही ठेवावी. कोणती गाडी कुठे बंद पडली, आधी काय दोष सांगितला आणि शेवटी काय निघाला. स्लिपबॉयने रोज एक ओळ लिहिली तरी हंगामाच्या शेवटी कळेल, की किती पंप विनाकारण उतरले.

चार, आणि ही सूचना कारखान्याला नसून आपल्याला आहे. गाडी बंद पडली की पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारा. काल गाडी कशी चालली? चढाला तुटली का? डिझेल कुठे भरले? काल बंद करताना आवाज कसा होता? डॉक्टरसुद्धा नाडी धरण्याआधी विचारतो, काय होतंय? आपण मात्र गाडीजवळच्या माणसाला न विचारता लांबच्या माणसाला बोलावतो.

माझा तो पोरगा आता दुसऱ्याच्या गाडीवर आहे. त्या हंगामानंतर गेला. पगार मी वाढवत होतो, तरी गेला. जाताना वाकडे बोलला नाही. नळीचा उरलेला तुकडा आणि दोन क्लिपा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून गेला. सहकार सहकार आपण म्हणतो, शेअर्सच्या दाखल्यावर तो छापलेला असतो. मला वाटते, पहाटे चारला बंद पडलेल्या गाडीपाशी पंचवीस वर्षांच्या पोराचे म्हणणे ऐकून घेणे हाही सहकारच आहे, आणि त्या दिवशी तो माझ्याकडून झाला नाही.

बॉयलर पेटेल, मोळी पडेल, गाड्या रानात उतरतील. तेव्हा सेल मारण्याआधी एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा, एवढी विनंती.

कळावे,

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, वेरूळ